शिबिराचा दिवस रात्रीपासून आखा: १२ ते १५ वयाच्या मुलांच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरासाठी

दरवर्षी मे महिन्यात मंडळ्यांची (चर्चची) शिबिरं होतात आणि परत आल्यावर तेच ऐकू येतं: "शिबिर छान झालं हो, फक्त वेळ पुरला नाही." मुलांना विचारा, ती वेगळंच सांगतात. रात्री एक वाजता झोपलो, सकाळी बायबल स्टडीत डोळे मिटत होते, आंघोळीचा नंबरच लागला नाही, शेकोटीपाशी सगळे रडले. वेळ पुरेसा होता. दिवस चुकीच्या टोकाकडून आखला होता.

आपण कागदावर सगळ्यात वर लिहितो, "५:३० उठणे, ६:०० प्रार्थना", आणि खाली उतरत जातो. कागदाच्या तळाशी उरेल ती रात्र. दिवसभरात प्रत्येक गोष्ट दहा-दहा मिनिटांनी घसरते आणि ती सगळी भरपाई झोपेतून होते. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) कितीही चांगलं बोलोत, समोर चाळीस पेंगुळलेली पोरं असतात.

खाली निवासी शिबिरातल्या मधल्या, पूर्ण दिवसाचा क्रम दिला आहे. उदाहरणाला पाचगणीच्या बाजूची एक जागा धरली आहे: ४० मुलं (२४ मुली, १६ मुलगे), १२ मोठी माणसं, मुलींकडे तीन आणि मुलग्यांकडे दोन न्हाणीघरं. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोब तोच.

१. आदल्या दिवशी: कागद, माणसं, जागा

पालकांच्या सहीचा फॉर्म हातात असल्याशिवाय मूल बसमध्ये चढवायचं नाही. फॉर्मवर दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं आणि दोन फोन नंबर हवेत. औषध त्याच्या मूळ पाकिटात, वर मुलाचं नाव लिहून, प्रथमोपचार बघणाऱ्या ताईकडे जमा. अपवाद दम्याच्या पंपाचा. तो मुलाच्या खिशातच राहतो, कपाटात नाही.

मुलांचे मित्र-मैत्रिणीही कधी कधी शिबिराला येतात, आणि ती सगळी ख्रिस्ती घरातली असतात असं नाही. त्यांच्या आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगा: इथे बायबल वाचलं जातं, प्रार्थना होते, गाणी होतात. "सुट्टीचं शिबिर आहे" एवढंच सांगून आणलेलं मूल म्हणजे आपण केलेली फसवणूक.

माणसांची वाटणी अशी करा: सहा गट आणि सहा गटप्रमुख (चार ताया, दोन दादा), एक शिबिरप्रमुख, पाळक, एक प्रथमोपचाराला, दोन स्वयंपाकघरात. बारावा माणूस घंटेचा. त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, आणि हीच गोष्ट लोकांना पटत नाही. घंटेवाल्याला गिटारही वाजवायला लावली की चौथ्या गाण्यात घंटा विसरली जाते.

पोचल्याबरोबर दिवसाउजेडी आवारात एक फेरी मारा. विहीर किंवा पाण्याची उघडी टाकी, मोठ्या झाडांवर किंवा कड्याखाली आग्या मोहोळ, रानात उघडणारं मागचं दार, हे सगळं बघून ठेवा. मोहोळ दिसलं तर त्या बाजूला खेळ नाही, दगड नाही, धूर तर नाहीच. संध्याकाळची शेकोटी कुठे पेटणार आणि वारा कुठल्या बाजूला वाहतो हेही त्याच फेरीत ठरतं.

> इशारा: कोणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटा थांबणार नाही. बोलायचं असेल तर झाडाखाली, सगळ्यांना दिसेल असं. हे पाळकांनाही लागू.

२. रात्र ठरवा आणि मागे चालत या

कागदाच्या तळाशी लिहा: १०:०० दिवे बंद. ६:३० पहिली घंटा. साडेआठ तास. या वयाच्या मुलांना निदान एवढी झोप हवीच आणि हे दोन आकडे हलवायचे नाहीत.

आता खालून वर या. ९:३० खोलीत प्रार्थना. ८:१५ ते ९:१५ शेकोटी. ७:१५ जेवण. ६:१५ घरी फोन. ५:३० आंघोळीची दुसरी पाळी. ४:१५ खेळ. ४:०० चहा. ३:०० नाटुकल्याची तयारी. १:३० ते ३:०० विश्रांती. १२:३० जेवण. ११:१५ बायबलमधलं वचन शोधण्याची शर्यत, हस्तकला. १०:४५ सरबत. १०:०० गटचर्चा. ९:३० वचन. ९:०० गाणी. ८:०० नाश्ता. ७:३० शांत समय (एकट्याने वाचन आणि मनन). सकाळी किती कमी गोष्टी बसतात हे इथे दिसतं. सकाळ-दुपार-संध्याकाळ तीन तीन संदेश, म्हणजे प्रवचनं, बसत नाहीत. एकच बसतो. दुसरा वक्ता आग्रह करत असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा.

> तपासा: घसरायला जागा ठेवली आहे का? दुपारचं नाटुकलं आणि ११:१५ ची हस्तकला या दोन गोष्टी कापता येतील अशाच ठेवल्या आहेत. उशीर झाला तर त्यातून घ्या, विश्रांतीतून किंवा झोपेतून नाही.

३. सकाळ: बंब, चहा, शांत समय

चोवीस मुली, तीन न्हाणीघरं, प्रत्येकीला सात मिनिटं: आठ फेऱ्या, छप्पन्न मिनिटं. सोळा मुलगे, दोन न्हाणीघरं: तेच छप्पन्न. म्हणजे सगळ्यांनी सकाळी आंघोळ करायची ठरवलं की नाश्ता साडेआठच्या पुढे आणि दिवस तिथेच गेला. निम्मी मुलं सकाळी, निम्मी खेळानंतर. सकाळचं काम अठ्ठावीस मिनिटांत उरकतं. यादी आदल्या रात्री दारावर लावा. बंब सहाच्या आधी पेटलेला हवा, आणि बंबातून पाणी काढून देणारा मोठा माणूसच हवा. मुलांनी बादल्या भरायच्या नाहीत.

बुटात पाय घालण्याआधी बूट उलटा करून आपटायचा, हे पहिल्याच सकाळी सगळ्यांकडून करून घ्या. मुलं हसतात, हसू द्या. विंचू चावला तर कांदा, चुना, मंत्र काही नाही, गाडी काढून सरळ दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे मृत्यू किती कमी होतात ते दाखवलं, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं असतं. तिथवर वेळेत पोचवणं एवढंच आपलं काम. जवळचा दवाखाना कुठला आणि रात्री उघडा असतो का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मुलींच्या बाजूला एक गोष्ट मुद्दाम. या वयात कुणाची पहिली पाळी शिबिरातच येते. पॅड, कागद आणि झाकणाची बादली न्हाणीघरातच ठेवा, ताईच्या बॅगेत नाही. मागायला लागलं की मुली मागत नाहीत. पहिल्या संध्याकाळी मुलींच्या खोलीत एकदा साध्या शब्दांत सांगितलं की पुरतं.

सात वाजता चहा किंवा दूध आणि बिस्किटं. त्यानंतरच शांत समय, वीस मिनिटं. उपाशीपोटी मनन हे साठीच्या वयाला जमतं, तेराव्या वर्षाला नाही. "शांत बसा आणि देवाशी बोला" एवढ्यावर सोडू नका. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: सहा-सात ओव्या (बायबलमधली वचनं) आणि एक प्रश्न. उदाहरणार्थ स्तोत्र २३, आणि "यातली कुठली ओळ आज तुझ्या घरी कुणाला लागू पडेल?" एकमेकांपासून दहा पावलांवर बसवा, पण ताईच्या नजरेच्या टप्प्यात. वसईकडच्या पॅरिशची (कॅथलिक मंडळ्यांची) शिबिरं असतील तर या जागी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, येते. तेव्हा शांत समय दुपारी विश्रांतीच्या शेवटी घ्यावा, दोन्ही सकाळी कोंबू नयेत.

४. वचनाचा तास

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबू.

पहिली चूक: मोठ्यांचा संदेश छोटा करून सांगणं. तीन मुद्दे, प्रत्येकाला उपमुद्दा, शेवटी आवाहन. दुसरी: लहानांचा संडे स्कूलचा धडा मोठा करून सांगणं, चित्रांसकट. चौदा वर्षांच्या मुलाला दोन्ही लागत नाहीत. त्याला एक प्रसंग आणि त्यातली एक अडचण हवी असते.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या ४:३५-४१ या ओव्या घ्या, समुद्रातलं वादळ. क्रम असा:

- आधी सांगणारा गोष्ट सांगतो. बायबल बंद, पंचवीस मिनिटांच्या आत. नाव, अंधार, आत शिरणारं पाणी आणि मागे उशीवर झोपलेला येशू. निष्कर्ष सांगायचा नाही.
- मग गटात उतारा वाचायचा, दोनदा.
- तीन प्रश्न: यातलं काय विचित्र वाटलं? शिष्य कशावर चिडले होते? तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही कुणाला उठवलंत?
- गटप्रमुख शेवटची पाच मिनिटं बोलतो. त्याआधी फक्त विचारतो.

वाचनाचं एक गुपित सांगतो, मुलं ते कधीच सांगत नाहीत. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमातली असतात. मराठी बोलतात फाडफाड, पण देवनागरी अडखळत वाचतात. एकदा माझ्या गटात एका मुलाला मी सहज म्हटलं, "तू वाच रे." जुन्या भाषांतरात त्या उताऱ्यात 'वरामावर' असा शब्द आहे, म्हणजे नावेच्या मागच्या भागावर. तो "वरा... वरमा..." करत तीनदा अडखळला, पलीकडून कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या मुलाने पुढचे दोन दिवस तोंड उघडलं नाही. चूक माझी होती. तेव्हापासून उतारा मोठ्या अक्षरात छापून आदल्या रात्री देतो, अवघड शब्दाखाली अर्थ लिहितो, आणि "कोण वाचणार?" एवढंच विचारतो. कुणी हात वर केला नाही तर मी वाचतो.

दुसरी अडचण गप्प गटाची. प्रश्नानंतर दहा सेकंद थांबा. फार लांब वाटतात. बहुतेक ताया-दादा तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतात आणि मग गटाला कळतं की आपण थांबलो की उत्तर आपोआप मिळतं.

सरबतानंतरच्या वचन शोधण्याच्या शर्यतीत जोड्या करा, एकेकट्याला उभं करू नका. फोनवर बायबल वाचणाऱ्या मुलांना पुस्तकांचा क्रम ठाऊक नसतो. जुन्या करारातलं हबक्कूक सांगितलं की ती नव्या करारात शोधतात. अनुक्रमणिका बघायची मुभा द्या. मजा कमी होत नाही.

> इशारा: चर्चेत एखादं मूल घरातल्या किंवा बाहेरच्या कुणी केलेल्या चुकीच्या स्पर्शाबद्दल बोललं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, लगेच शिबिरप्रमुखांना सांगा. पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते प्रकरण मंडळीत मिटवायचं नसतं. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८.

५. जेवण आणि दुपार

बावन्न माणसांना माझा हिशोब: सकाळी पाच किलो पोहे. दुपारी चार किलो तांदूळ, माणशी तीन चपात्या, चिकन असेल तर नऊ किलो. रात्री मुगाची खिचडी, कढी, पापड.

चिकन दुपारीच. सकाळी आणायचं, दुपारी संपवायचं, उरलेलं रात्रीला नाही, कितीही जीव तुटला तरी. आणि रात्री जड जेवलेली पोरं शेकोटीपाशी पेंगतात किंवा मध्यरात्री पोट धरून उठतात.

वाढताना गटप्रमुखाने शेवटी बसायचं आणि ताटांकडे बघायचं. दोन जेवणं न जेवलेलं मूल म्हणजे बहुतेक घरच्या आठवणीचं किंवा शौचालयाला जायला लाजणारं मूल. दुसरं जास्त वेळा असतं. पाणीही कमी पितात, तेच कारण. बाटलीवर नाव लिहून जेवणाआधी ती रिकामी दाखवायला सांगा. नगर-सोलापूरच्या चाळीस अंशांतून आलेल्या मुलांना पाचगणीत घाम जाणवत नाही, म्हणून तहानही लागत नाही, आणि चार वाजता डोकं दुखतं.

१:३० ते ३:०० अंथरुणावर. झोपलंच पाहिजे असं नाही, पण पाय गादीवर आणि आवाज बंद. खाऊ खोलीत उघडा ठेवू नका, खिडकीतून माकडं आत येतात. ताया-दादांनीही या वेळात आडवं व्हायचं, बैठक घ्यायची नाही. हा दीड तास कापणारी शिबिरंच संध्याकाळी खेळात भांडताना दिसतात.

६. खेळ

पाण्यात नाही. विहीर, नदी, धोम धरणाचं पाणी, काहीच नाही. "फक्त पाय बुडवतो" हेही नाही. यावर चर्चा करू नका.

लगोरी, खो-खो, डॉजबॉल चालतात. कबड्डी मऊ माती असेल तरच. गट सकाळचेच ठेवा आणि दोन कप्तान उभे करून "तू ये, तू ये" अशी निवड करू नका. शेवटी उरलेल्या मुलाला तो क्षण शिबिरापेक्षा जास्त लक्षात राहतो. मे महिन्यात चारनंतर वळवाचा पाऊस येऊ शकतो. पहिल्या गडगडाटाला खेळ बंद, झाडाखाली थांबायचं नाही, सरळ सभागृहात. तिथे काय खेळायचं ते आधी ठरलेलं असू द्या.

> तपासा: खेळ संपल्यावर मोजणी नावांनी करा, डोक्यांनी नाही. आम्ही एकदा डोकी मोजली, चाळीस भरली. त्यात आचाऱ्याचा मुलगा होता. आमचा एक जण मागच्या ओट्यावर गोष्टीचं पुस्तक वाचत बसला होता, नशीब. नावांची मोजणी दिवसात पाचदा: उठल्यावर, दुपारच्या जेवणाला, विश्रांतीनंतर, खेळानंतर, दिवे बंद होण्याआधी.

७. घरी फोन

मुलांचे फोन पहिल्या दिवशी नाव लिहिलेल्या पाकिटात जमा. ६:१५ ते ६:४५ या वेळेत घरी बोलता येतं. रात्री जेवणानंतर ही वेळ ठेवू नका. अंधार पडल्यावर आईचा आवाज ऐकला की बारा वर्षांच्या मुलाचं उरलेलं अवसान जातं. उजेडात बोललं की फोन ठेवून ते जेवायला पळतं.

मात्र "मला आत्ता घरी बोलायचं आहे" असं कुणी वेळेबाहेर म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. कारण विचारायची सक्तीही नाही.

८. शेकोटी

आधी आगीचं. मे महिन्यात गवत वाळलेलं असतं आणि ठिणगी रानात गेली तर वणवा. जागेच्या व्यवस्थापकांची परवानगी, साफ केलेलं वर्तुळ, दोन बादल्या पाणी, एक बादली माती. रॉकेल-पेट्रोल ओतायचं नाही. वारा सुटला असेल तर मधे चार कंदील ठेवून बसा. मुलांचं काही बिघडत नाही, बिघडतं ते फोटो काढणाऱ्यांचं.

आता कार्यक्रम. सुरुवात धिंगाण्याची: कृतिगीतं, गटांची नाटुकली, ढोलकी. अर्ध्या तासाने आवाज खाली येऊ द्या. एक साक्ष (स्वतःच्या विश्वासाचा अनुभव सांगणं), फक्त एक, सात मिनिटं. कोण बोलणार आणि काय, हे दुपारीच ऐकून घ्या. दारू, मारामाऱ्या, वाया गेलेली वर्षं यांचं रंगवून वर्णन आणि शेवटच्या मिनिटात "मग मला प्रभू भेटला" अशी साक्ष मुलांना नको. पहिली सहा मिनिटंच त्यांच्या लक्षात राहतात. गेल्या वर्षी कॉपी केली आणि सरांना जाऊन सांगितलं, असं सांगणारी कॉलेजातली ताई जास्त उपयोगाची.

आणि रडणं. रात्र, आग, संथ गाणं, दमलेलं शरीर. अशा वेळी कुणीही रडेल, मीही. त्या भरात "ज्यांना आयुष्य द्यायचं आहे त्यांनी उभे राहा" म्हणणं मला पटत नाही. एक उभा राहिला की शेजारी बसून राहणं अवघड होतं, आणि मग किती उभे राहिले याचा आकडा अहवालात जातो. ज्याला बोलायचं असेल त्याला सांगा: उद्या नाश्त्यानंतर मी त्या आंब्याखाली असेन. सकाळी पोहे खाऊनही जो येतो, त्याच्याशी नीट बोलता येतं. पाळकसाहेबांना हे आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी त्यांना थांबवता येत नाही.

> तपासा: ९:१५ ला घंटेवाल्याने घंटा दिली का? गाणं अर्ध्यात असलं तरी ते कडवं शेवटचं.

९. दिवे बंद

९:१५ ते ९:३० हात-पाय, दात, पाण्याची बाटली. आगीवर पाणी ओतून राख काठीने हलवून बघणारा माणूस ठरलेला हवा. खोलीत ताई किंवा दादा एक छोटी प्रार्थना करतात, आणि त्यात दिवसभरात ज्याचं काही बिनसलं त्या मुलाचं नाव घेऊन त्याला अवघडवत नाहीत. नावांची मोजणी. दहाला दिवे.

कुजबुज वीस मिनिटं चालणारच, चालू द्या. दाराबाहेर खुर्ची टाकून बसा, आत जाऊन ओरडू नका. माणूस बाहेर बसलेला आहे एवढं कळलं की आवाज आपोआप विरतो.

कुजबुज विरली की ताया-दादांची बैठक, उभ्या उभ्या, दहा मिनिटं. कोण जेवलं नाही? कोण एकटं होतं? कुणाला औषध दिलं, वहीत लिहिलं का? उद्या काय कापायचं? बस. दिवसाचं परीक्षण, वक्त्याचं कौतुक, हिशोब, सगळं घरी गेल्यावर.

रात्री कॉरिडॉरमध्ये एक दिवा चालू, मुलींच्या बाजूला दोन ताया, मुलग्यांच्या बाजूला दोन दादा. दवाखान्याचा नंबर, गाडीची किल्ली, टॉर्च आणि चाळीस फॉर्मची फाइल एकाच पिशवीत, दाराच्या खिळ्याला. घंटा घंटेवाल्याच्या उशाशी, आणि त्याचा गजर सहाचा.